मामांची फाईल

आमचे मामा कळव्याला राहतात, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. कानाने कमी ऐकू येतं, तोफेजवळ इतकी वर्षं काढल्यावर अजून काय होणार! पण डिसअ‍ॅबिलिटी पेन्शनच्या अर्जावर उत्तर आलं की त्रास नोकरीमुळे झालेला नाही. मामा गप्प बसले, मला मात्र रात्रभर झोप नाही.

मग वकिलांना भेटलो ठाणे स्टेशनजवळ. त्यांनी सांगितलं की यासाठी सिव्हिल कोर्टात नाही जायचं, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, 2007 च्या कायद्याने झालेलं, 2009 पासून चालू, आणि मुंबईत त्याचं बेंच आहे. तिथे एक न्यायिक सदस्य असतो आणि एक लष्करातला निवृत्त मोठा अधिकारी, म्हणजे फौजेतलं आयुष्य माहीत असलेला माणूस समोर असतो, मला हे फार बरं वाटलं. पगार, बढती, पेन्शन सगळं तिथे नेता येतं, कोर्ट मार्शलच्या शिक्षेवर अपीलसुद्धा.

आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं सहसा धरायचं, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. मामांच्या भरतीच्या कागदावर कान एकदम ठणठणीत!

फक्त मुदत बघा हं, शेवटचा नकार आल्यापासून साधारण 6 महिने. उशीर झाला तर माफ करून घेता येतो, पण कारण पटवावं लागतं.

सोमवारी मामांना घेऊन निघतोय, सकाळची लोकल.