डाउटफुल साउंड आणि आमचा पोटखराबा

डाउटफुल साउंड, म्हणजे न्यूझीलंडमधला डोंगरांत आत घुसलेला समुद्राचा फाटा, बघायला निघालो होतो. न्यूझीलंडचा व्हिसा काय, ऑनलाइन अर्ध्या तासात भरून होतो, असं मला ज्यांनी सांगितलं त्यांच्या नावावर बहुधा शेतजमीन नसावी. तुम्ही परत येणार याचा पुरावा म्हणून गावचा सातबारा जोडा, असं एजंट म्हणाला. सातबारा मराठीत, आणि त्यांना कागद इंग्रजीत हवेत, नाहीतर प्रमाणित भाषांतर. हे त्याला आठवलं कधी, तर अर्ज पाठवायच्या आदल्या संध्याकाळी.

भाषांतरवाल्याने चार दिवस सांगून अकरा लावले. हातात कागद आला तर 'पोटखराबा'चं झालं होतं 'स्टमक अपसेट एरिया'! खाली सही, गोल शिक्का. मी म्हटलं, "अहो, लागवडीला नालायक जमीन ती." तर म्हणे, "साहेब, शब्दाला शब्द दिलाय." दुरुस्तीचे पैसे वेगळे. दिले. तोवर विमानाचं तिकीट नऊ हजारांनी चढलेलं. माझ्या मेहुण्याचं काम नोकरीचं पत्र, रजेची मंजुरी आणि बँक स्टेटमेंट एवढ्यावर झालं, हे मला नंतर कळलं.

पुढचं सगळं सुरळीत. मानापुरी गावाहून बोटीने सरोवर ओलांडायचं, मग बसने विल्मट खिंड. तो २२ किलोमीटरचा रस्ता बाकी कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही. खाली डीप कोव्ह, तिथून दुसरी बोट. आत शिरलो तर वाऱ्यावर बाहेर पडता येईल का, अशी १७७० मध्ये कॅप्टन कुकला शंका आली, म्हणून नाव डाउटफुल. माझी शंका आत शिरण्याचीच होती. साउंड म्हणजे खरं तर नदीच्या दरीत समुद्र शिरून झालेला फाटा; नावात ते असलं तरी हा फ्योर्डच, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरलेला. पाऊस लागला तर हळहळू नका, तेव्हाच कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. जंगलातून आलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बोटवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा माझ्या जॅकेटवर पडणारे थेंब ऐकू येत होते. पूर्ण बाह्यांचे कपडे मात्र हवेतच, सँडफ्लाय नावाच्या माश्या फोडून काढतात.

अरे हो, बूट! ट्रेकचे बूट विमानतळावर जाहीर करा, न सांगता माती नेलीत तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड बसू शकतो. माझ्या बुटांना राजगडचा चिखल होता. तिथल्या बाईंनी ते आत नेले, दहा मिनिटांत धुऊन आणून दिले. किती झाले विचारलं, तर काही नाही म्हणाल्या.