मेंफिसचे सफाई कामगार आणि पुरुषार्थाचा अर्थ

कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुषांच्या कर्तेपणाच्या कल्पनेविषयी वाचताना मला वारंवार १९६८ सालच्या मेंफिस या अमेरिकन शहराकडे वळावेसे वाटते. १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले आणि कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू होऊन त्यात चिरडले गेले. त्यानंतर १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगारांनी काम बंद केले. गळक्या टोपल्यांतला कचरा खांद्यावर वाहणाऱ्या, पूर्णवेळ राबूनही काहींना सरकारी मदतीवर घर चालवावे लागणाऱ्या या माणसांनी ‘मी माणूस आहे, पुरुष आहे’ असे सांगणारे फलक हाती धरले.

मला यात विशेष वाटते ते हे, की त्यांचा पुरुषार्थ कुणावर हुकूमत गाजवण्यात नव्हता. मुलाबाळांना पोटभर अन्न मिळेल एवढी मजुरी आणि मेलेल्या सहकाऱ्यांसाठी न्याय, ही जबाबदारी त्यांनी एकत्रितपणे उचलली होती. १९९५ च्या वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय पुरुषांच्या महामोर्चानेही (‘मिलियन मॅन मार्च’) पुरुषांना कुटुंबाची जबाबदारी घेण्याचे आवाहन केले; मात्र स्त्रियांना घरी थांबण्यास सांगणारी त्याची भूमिका मला पटत नाही.

मेंफिसच्या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमध्येच हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने युनियनला मान्यता व पगारवाढ देण्याचे कबूल केले.