गळकं छप्पर आणि अडलेले अर्ज

आजचा दिवस वेदरायझेशनच्या, म्हणजे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून घर दुरुस्त करून देणाऱ्या सरकारी योजनेच्या, अर्जांत गेला. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी या स्थानिक मदतसंस्था गरीब कुटुंबांची घरं थंडीसाठी मोफत नीट करून देतात. उत्पन्न साधारण केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आत हवं, साठीपुढच्यांना प्राधान्य.

आधी तपासणी. दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवला की हवा कुठून शिरते ते कळतं. लोक खिडक्या दाखवतात, पण मोठी गळती बऱ्याचदा माळ्यावर, पाइप-वायरी वर जातात त्या फटींत असते. त्या बुजवूनच सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचं उष्णतारोधक) भरायचं. नाहीतर घरातली दमट हवा वर जाऊन थंड छताला पाणी सुटतं, लाकूड कुजतं. शेवटी घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर घरात उलटत नाही ना, हे पुन्हा बघायचं. घर घट्ट झाल्यावर हा धोका वाढतो.

जीव तुटतो तो छप्पर गळतं तेव्हा. मोठी ओल, बुरशी, धोकादायक वायरिंग असेल तर काम थांबतं, आणि नवीन छप्पर या योजनेत बसत नाही. अशा वेळी कृषी खात्याच्या 'सेक्शन ५०४' या घरदुरुस्ती अनुदानाचा अर्ज लगेच भरा. ते ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या अत्यल्प उत्पन्नाच्या घरमालकांसाठी आहे. अर्ज करणाऱ्या आजींचं घर अजून दिवंगत नवऱ्याच्या नावावर असेल, तर मात्र आधी ते त्यांच्या नावावर करून घ्या.