दहावा प्रश्न

माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. पहिलं बाळंतपण तिथेच झालं. शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या बेन, आईने काहीच कमी केलं नाही. तरी बाळ झोपलं तरी माझा डोळा लागेना, आणि जागं झालं की छातीत धडधड. ते माझ्यापेक्षा कोणाच्याही हाती सुखरूप राहील, असंच मनात यायचं.

"ओली बाळंतीण गं तू, होतं असं," आई म्हणायची. पहिल्या दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं, हे खरं. माझं वाढतच गेलं.

टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं आणि मला बोलताच येईना. त्यांनी एडिंबरा प्रश्नावली पुढे केली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली बाळंतिणींसाठीच तयार झालेली, गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मी 'कधीकधी'वर खूण केली. त्या दचकल्या नाहीत. आईला बाहेर बसवून त्यांनी शांतपणे विचारलं, असे विचार केव्हा येतात, रात्री जवळ कोण असतं. एकूण गुण कमी असले तरी या प्रश्नाला 'कधीच नाही'खेरीज काहीही उत्तर आलं, तर बाईला तसंच घरी पाठवायचं नसतं. प्रत्येक बाळंतिणीला हे विचारलं जावं, असं मला फार वाटतं.

त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडूनही असं होतं, म्हणून रक्त तपासलं. मग सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. "गोळ्या घेतेस तर अंगावर पाजू नकोस," आत्याने बजावलं. डॉक्टरांनी समजावलं, हे औषध दुधात अगदी थोडं उतरतं, पाजणं थांबवायचं कारण नाही. गुण यायला काही आठवडे लागले. त्याआधी उपयोग झाला तो झोपेचा: रात्रीचं एक पाजणं बाबांनी वाटी-चमच्याने, काढून ठेवलेल्या दुधावर सांभाळलं.

झोप नसूनही भलताच उत्साह, भास, बाळाविषयी विचित्र संशय असं काही दिसलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका, तिला तडक दवाखान्यात न्या. एरवी बोलायला कोणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आहे.

माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. बरं वाटू लागल्यावरही काही महिने घ्यायच्या आणि डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या. आत्याही हल्ली विचारते, "आजची घेतलीस ना गं?"