मिरचीची लावायला सांगा की

कोर्ट कमिशनर म्हणून, म्हणजे कोर्टासाठी जागा पाहून अहवाल देणारा वकील म्हणून, माझं पहिलं काम सातारच्या एका पेठेतल्या पिठाच्या गिरणीचं. सनद मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली, त्यामुळे अंगात उत्साह आणि पोटात गोळा, दोन्ही.

वादी निवृत्त शिक्षक, प्रतिवादी गिरणीवाले. घराला घर लागून, मधली भिंत सामाईक. गुरुजींचं म्हणणं, धडधडीनं घरात बसवत नाही, कायमची मनाई द्या. गिरणीवाल्यांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी जबाबात, उत्तर असं की गिरणी तीस वर्षं उघडपणे, विनातक्रार चालू आहे. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टच्या, म्हणजे शेजारच्या मिळकतीवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याच्या, कलम १५ प्रमाणे वीस वर्षांतच आमचा हक्क पक्का झाला. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाच्या, सुनावणीत न्यायाधीश साहेबांनी स्थळपाहणीचा हुकूम केला. "दिसेल, ऐकू येईल ते लिही. कोण बरोबर ते लिहू नकोस," सिनिअरनी बजावलं.

एप्रिलची अखेर होती. अकराला दोन्ही वकिलांसह गुरुजींच्या मागच्या खोलीत उभे राहिलो. सामाईक भिंतीला फळी होती, तिच्यावर मी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. गिरणी सुरू झाली. घरघर ऐकू आली, पण तांब्यातलं पाणी ढिम्म. गुरुजींचा चेहरा उतरला. "आज मुद्दाम हळू चालवतायत," त्यांचे वकील पुटपुटले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे हे खरं, पण फोनमधल्या ॲपचा आकडा मी अहवालात कसा घालणार? गिरणीत जाऊन पाहिलं. गहू भरलेला, पट्टा नीट ताणलेला, चोरी काही दिसेना. परत आलो आणि लिहिलं: आवाज येतो, नेहमीच्या आवाजात बोलता येते.

तेवढ्यात, तोवर एक शब्द न बोललेल्या गुरुजींच्या बाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अहो, ती मिरचीची लावायला सांगा की. गव्हाचा कुठं त्रास आहे?"

दावा आणि कैफियत मिळून वीसेक पानं मी पाठ केली होती. त्यांत मिरची हा शब्दच नव्हता.

गिरणीच्या कोपऱ्यात पोत्यांखाली कांडप मशिन निघालं. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टनं आवळलेलं, पाठ सामाईक भिंतीकडे. टेप लावली: भिंतीपासून ३५ सेंटिमीटर. "ते काय, सीझनला दोन महिने," गिरणीवाले म्हणाले. मशिनच्या पत्र्याच्या पाटीवर उत्पादनाचं वर्ष होतं. चार वर्षांपूर्वीचं. ते तेवढं मी उतरवून घेतलं.

मशिन लावलं आणि फळीवरची भांडी किणकिणायला लागली. तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत राहिली, आणि मग तो तांब्याच सरकायला लागला. वीस मिनिटांत चार बोटं. मी दोन्ही जागी खडूनं खूण केली. एवढ्यात मिरचीचा खाट आला, आणि वादी, प्रतिवादी, तिन्ही वकील एकदमच ठसकायला लागले. पुढची तीन वाक्यं डोळे पुसत लिहिली आहेत. अक्षर बघितलं की कळतं.

पुढच्याच तारखेला दावा दुरुस्तीचा अर्ज आला, कांडप मशिन त्यात घातलं. युक्तिवादात गिरणीवाल्यांच्या वकिलांनी तीस वर्षांचाच धोशा लावला. पण गिरणीची वर्षं कांडपाच्या खात्यावर कशी जमा होणार? गुरुजींच्या वकिलांनी १८७९ चा लंडनचा निकाल काढला, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. तिथं एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ खलबत्ते चालवत होता. शेजारच्या डॉक्टरनं बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग दावा लावला. आवाजाचा उपद्रव व्हायला लागला तो खोली झाल्यावर, म्हणून आधीची वर्षं मोजली गेली नाहीत, मिठाईवाला हरला. म्हणजे तिथंही भांडण कुटण्याचंच! मला तो निकाल परीक्षेपुरता माहीत होता, त्या दिवशी तो कानानं कळला.

हुकूम झाला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत कांडप बंद, गिरणी चालू. सीझन हातचा जातोय म्हटल्यावर गिरणीवाले पंधरा दिवसांत तडजोडीला आले. मशिन पलीकडच्या भिंतीला न्यायचं, खाली रबराचे जाड पॅड, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करताना गुरुजी अडले. "गिरणीचंही काहीतरी लिहा यात."

बाई शेजारीच उभ्या होत्या. "आणि मग दळण कुठं नेऊ?"

गुरुजींनी सही केली.