नॅनो तिसऱ्यांदा क्रॅश, पण या वेळी कारण हाती लागलं

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की नॅनो, म्हणजे मी बाटल्यांत वाढवतोय ते नॅनोक्लोरोप्सिस नावाचं सूक्ष्म हिरवं शैवाल, उन्हाने जातेय. ते चूक होतं. तीन आठवडे आणि तीन क्रॅश झाल्यावर एका रात्री लाइन गेली, तेव्हा खरं कारण डोळ्यांसमोर घडताना दिसलं.

उन्हावर संशय जाणं साहजिक होतं. मे महिन्यात आमच्या दर्यापूरकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि नॅनोला पंचविशीच्या आसपासचं पाणी मानवतं. म्हणून सगळा पसारा माडीवरून माजघरात आणला. जाड मातीच्या भिंती, वर धाबं, बाटल्यांभोवती ओलं पोतं, समोर कूलर. पाणी ३३ वरून २८ वर आलं. मला वाटलं, जिंकलो. पाचव्या दिवशी सकाळी आईनेच आधी पाहिलं, "काऊन रे, एक नंबरची बाटली पिवळी दिसून रायली?"

एक आणि दोन दोन्ही बसल्या होत्या. गडद हिरव्याचं वरणाच्या निवळीसारखं पाणी, तळाला गाळ, वर फेस. मग स्टार्टरवर, म्हणजे विरजणासारख्या आणलेल्या मूळ नॅनोवर, शंका घेतली. पण त्याच स्टार्टरची एक काचेची कुपी मी खिडकीत नुसती ठेवून दिली होती, हवाही न लावता, आणि ती ठणठणीत हिरवी. म्हणजे स्टार्टर देणाऱ्याचा दोष नाही. चार नंबरची बाटली बॅटरीच्या वेगळ्या पंपावर आहे, तीही एकदाही बसली नाही. हे दोन पुरावे माझ्यासमोर पहिल्यापासून होते आणि मी कूलरचा वाळा बदलत होतो!

रात्री अंधार करून एक नंबरच्या बाटलीमागे टॉर्च धरला. पांढरे ठिपके. धूळ प्रवाहाबरोबर वाहते, हे ठिपके प्रवाहाच्या उलट जात होते. थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला तर डोक्यावर फिरणारी चक्रं, मागे शेपटीसारखा पाय, दोघींच्या अंगाला अंडं चिकटलेलं. ब्रॅकिओनस. माझेच रोटिफर, नॅनो खाऊन जगणारे सूक्ष्म जलचर, जे मी शेजारच्या बाटलीत क्लाउन माशांच्या पिल्लांना खाद्य म्हणून पाळतोय. नॅनोची पेशी जेमतेम २ ते ४ मायक्रॉनची, त्यांच्यासाठी ते अंगणात मांडलेलं पंगतीचं पान.

आता प्रश्न होता, तिथे पोचले कसे? चमचे, नळ्या, हात सगळं वेगळं ठेवतो. उत्तर मिळालं ते लाइन गेल्यावर. पंप थांबला आणि मी टॉर्च घेऊन तिथेच बसलो होतो. रोटिफरच्या बाटलीतलं पाणी एअर ट्यूबमधून सरसर वर चढलं, बाटलीच्या तोंडापेक्षा वर, आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे एका पंपाची हवा अनेक बाटल्यांना वाटणाऱ्या जोडात, शिरलं. बाटलीतल्या पातळीपेक्षा वर पाणी आपोआप चढत नाही, म्हणून झाकण तपासलं. झाकणाला हवा बाहेर पडायला जे भोक पाडलं होतं, ते मिठाच्या खपलीने जवळजवळ बंद झालं होतं. पंप चालू असताना आत दाब साठत होता. पंप थांबला की तोच दाब पाणी ट्यूबमधून उलटं ढकलायचा. लाइन परत आली की मॅनिफोल्डमध्ये अडकलेले थेंब हवेबरोबर शेजारच्या एक आणि दोन नंबरमध्ये. आमच्याकडे लाइन दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तिन्ही क्रॅशच्या चार-पाच दिवस आधी रात्रीची मोठी कपात झालेली आहे.

आधीच्या बाटल्या आणि ट्यूब सरळ टाकून दिल्या. रोटिफरची टिकाऊ अंडी ब्लीचलाही दाद देत नाहीत, तिथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही. रोटिफर आता पडवीत, स्वतःच्या पंपावर. झाकणाचं भोक मोठं केलं, दर रविवारी गरम पाण्याने पुसणार. प्रत्येक एअर ट्यूबला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा सोडणारी झडप. स्वस्तातले घेऊ नका, मी घेतलेल्या सहापैकी दोन फुंकून पाहिल्यावर दोन्ही बाजूंनी हवा सोडत होते.

या सगळ्यात एक गोष्ट मनापासून आवडली. एअर ट्यूबमध्ये फिल्टर म्हणून मेडिकलचा कापूस लावला होता, तो दोन दिवसांत ओला होऊन गच्च झाला. मग घरचा लावला, आईने वातींसाठी ठेवलेला, सरकी काढलेला. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी धरत नाही. मेडिकलच्या कापसाचं ते मेण काढून टाकलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कचे बोळेही न शोषणाऱ्या कापसाचेच असतात. आठ दिवस झाले, बोळा कोरडा आहे. वऱ्हाडात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं.

खताबद्दल दोघांनी विचारलं होतं. मी एफ/२ च वापरतो, म्हणजे गिलार्ड आणि रायथर यांच्या १९६२ च्या ‘एफ’ माध्यमाचं निम्म्या ताकदीचं रूप. सिलिकेटवाला संच जास्त पैसे देऊन घेऊ नका. ते डायटमला, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या शैवालाला लागतं, नॅनोला नाही. आणि शेतात युरिया आहे म्हणून तो टाकू नका, उरलेला अमोनिया शेवटी आपल्याच टँकमध्ये जातो. खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी चालेल का, हेही नेहमी विचारतात. नाही चालत. ते खारं आहे, पण समुद्राच्या लिटरमागे ३५ ग्रॅमच्या जवळपासही नाही आणि क्षारांचं प्रमाणही वेगळं. आरओ आणि सॉल्ट मिक्स, घनता १.०२०.

पुढच्या आठवड्यात टेट्रासेल्मिस हे दुसरं हिरवं शैवाल सुरू करायचं ठरवलं होतं. पण खिडकीतल्या कुपीबद्दल वर लिहिलं तेव्हाच वाटलं, मूळ कल्चरला हवा लावायचीच कशाला? अर्ध्या लिटरचे दोन काचेचे फ्लास्क, घरच्या कापसाचा बोळा, माध्यम कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक (शिट्टीच्या दाबाला आत १२० अंशांच्या आसपास जातं), आणि सकाळ-संध्याकाळ हाताने हलवायचं. ट्यूबच नाही तर लाइन गेली काय, आली काय. त्यामुळे आधी हे फ्लास्क, टेट्रासेल्मिस पावसाळ्यात.

नवी एक नंबर आज सहाव्या दिवशी आहे. सेकी काडी (पाण्यात बुडवून दाटपणा मोजायची काडी) दीड सेंटिमीटरवर दिसेनाशी होते, म्हणजे उतरवण्याइतकी घट्ट. तिकडे क्लाउनच्या जोडीने टाइलवर अंडी घातली, त्याला चार दिवस झाले. अजून नारिंगीच आहेत, डोळे चमकायला लागलेले नाहीत. आज अर्धी बाटली काढून रोटिफरना देतोय, उरलेल्या अर्धीत नवं माध्यम. दोन नंबरला पिल्लं फुटेपर्यंत हात लावणार नाही.