रेडिमेड चित्रे आणि वशिंड नसलेला बैल

बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचा धंदा जोरात चालतो, आणि अ‍ॅनिमेशन शिकू पाहणारी बरीच मुले याच धंद्यातून येतात. फलक मांडण्याच्या कोरल या सॉफ्टवेअरवर त्यांचा हात बसलेला असतो, पेन ड्राइव्हमध्ये कमानी, कलश, झुंबरे, तुतारी वाजवणारा मावळा असा सगळा ऐवज पीएनजी, म्हणजे मागची जागा मोकळी असलेली चित्रे, करून भरून ठेवलेला असतो, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाच फलक तयार करून देण्याची सवय अंगात मुरलेली असते. अशा मुलाला हलती चित्रे करावीशी वाटली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, ड्रॉइंग यायलाच पाहिजे काय? सगळं रेडिमेड मिळतंय की."

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यांशी माझे पटत नाही, मग ते उत्तर कोणत्याही बाजूचे असो. मी शाळकरी मुलांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छोट्या हलत्या गोष्टी करतो, आणि त्या कामातून माझे मत असे बनले आहे की पडद्यावर जे स्थिर राहणार आहे ते खुशाल तयार घ्यावे. जे हलणार आहे, आणि ज्याच्या हलण्यावर गोष्ट उभी आहे, ते मात्र आपल्याला काढता आलेच पाहिजे.

तयार चित्रांच्या बाजूने जे बोलायचे ते आधी बोलून घेतो, कारण ती बाजू कमकुवत नाही. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चौकटी, असतात. एक चित्र दोन फ्रेमपर्यंत धरून ठेवण्याची जुनी रीत पाळली तरी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे होतात, आणि पाच मिनिटांच्या गोष्टीचा हिशेब ३६०० वर जातो. एकट्या माणसाने, तेही दिवसभर दुकान सांभाळून, एवढे काढायचे म्हटले तर पहिली गोष्ट पुरी होण्याआधीच उत्साह संपेल. म्हणून कट-आउटची पद्धत आली: हात, दंड, मांडी, पोटरी, डोके हे भाग सुटे करायचे, सांध्यावर कळ बसवायची आणि चामड्याच्या बाहुलीसारखे ते फिरवायचे. ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये कागदातून कापलेल्या छायाकृती हलवून पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. एकदा काढलेले पुन्हा वापरण्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. डिस्नेच्या १९७३ च्या 'रॉबिन हूड'मधील नाचाच्या प्रसंगात १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधील हालचाली पुन्हा गिरवून घेतलेल्या आहेत, आणि त्या स्टुडिओत चित्र काढणाऱ्यांची वानवा होती असे कोणी म्हणणार नाही.

त्यामुळे आकाश, डोंगर, गवत, भांडीकुंडी, पुस्तकांचे कपाट, भिंतीचा पोत असल्या गोष्टी मी सर्रास तयार घेतो. घरांपाशी मात्र जपून राहावे लागते, कारण तयार संचातल्या घरांना हमखास धुराडे असते आणि खिडकीखाली फुलांची कुंडी असते, आणि खानापूरकडच्या गोष्टीत असे घर आले की पहिली-दुसरीतली पोरेसुद्धा हसतात. कौलारू घराचा आपणच काढलेला फोटो खाली ठेवून त्यावर रेघा मारल्या तर अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्याला चित्रकार असण्याची गरज नाही.

खरी अडचण बैलापाशी येते. आमच्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो, आणि त्या सणावरची गोष्ट करायची तर बैल हे त्यातले मुख्य पात्र. तयार चित्रांच्या संग्रहात बैल शोधावा तर एक तर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची विलायती गाय मिळते, नाही तर नाकपुड्या फुगवून अंगावर येणारा झुंजीचा सांड मिळतो. सोलापूर-सांगलीपासून विजयपूर-बेळगावपर्यंत ज्याला लोक ओळखतात तो खिलार बैल, म्हणजे करडट पांढरा रंग, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, सडसडीत अंग आणि खांद्यावर ताठ वशिंड, त्या गर्दीत सापडत नाही. यावर मुलांची युक्ती अशी असते की विलायती गायीचे ठिपके पुसायचे, वर एक वेगळा थर घेऊन वशिंड चिकटवायचे आणि शिंगे दुसऱ्या चित्रातून आणायची. उभ्या बैलाला हे एक वेळ खपून जाते, पण तो चालू लागला की सारे उघडे पडते.

चालत्या बैलाकडे लक्ष देऊन पाहिले की कारण कळते. ज्या पुढच्या पायावर भार येतो त्या बाजूच्या खांद्याचे हाड वर सरकते, त्याबरोबर वशिंड किंचित कलते, आणि अंग पुढे गेल्यावर क्षणभर उशिरा जागेवर येते. गळ्याखालची लोंबती कातडी त्याहून उशिरा हलते. चिकटवलेले वशिंड पाठीबरोबर जसेच्या तसे सरकत राहते, म्हणून ते मांसाचे न वाटता पाठीवर ठेवलेल्या गाठोड्यासारखे दिसते. पायांचा क्रमही असाच आहे: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, आणि मागचे खूर साधारण तिथेच पडते जिथून त्या बाजूचे पुढचे खूर नुकतेच उचललेले असते. तयार मिळणारी चाल बहुधा घोड्याच्या दुडकीची किंवा कुत्र्याची असते. ती बैलाच्या अंगावर चढवली की बैल हलका होतो, जणू त्याच्या पोटात काहीच नाही.

त्यात गाडी जुंपलेली असेल तर आणखी पंचाईत. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेली भरली गाडी चढावर पाहावी. जू वशिंडाच्या पुढे टेकलेले असते, मान खाली जाते, छातीचा भार पुढे झुकतो आणि मागचे पाय जमिनीला रेटा देतात; ओझे वाढेल तसे पाऊल लांब पडत नाही, उलट आखूड आणि सावकाश पडते. तयार चालीवर हा बैल ओढत नसतो, नुसता चालत असतो, आणि गाडी आपली इंजिन असल्यासारखी मागून येत असते. शिवाय टेकलेला पाय जमिनीवर घसरतो, कारण पावलाची लांबी आणि मागे सरकणाऱ्या रस्त्याचा वेग यांचा मेळ कोणी घातलेला नसतो. हा मेळ घालायचा तर पाय कोणत्या फ्रेमला टेकला आणि कोणत्या फ्रेमला सुटला हे माहीत पाहिजे, आणि ते ज्याने निदान काड्यांच्या आकृतीत ती चाल काढली आहे त्यालाच माहीत असते. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७८१ छायाचित्र-फलकांत प्राण्यांची आणि माणसांची चाल क्षणाक्षणाने पकडलेली आहे, आणि आज ते फलक कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पण चढावरचा आपला बैल पाहायला मोबाइलचे स्लो मोशन पुरेसे आहे. पाहिलेले वहीत उतरवले नाही तर ते डोक्यात राहत नाही, हे मात्र अनुभवाने सांगतो.

याहून मोठी गोष्ट वळण्याची. तयार चित्र एकाच बाजूने काढलेले असते. मुलगा बैलाच्या कपाळावरून हात फिरवतो आणि बैल मान वळवून त्याच्याकडे पाहतो, एवढा साधा प्रसंग असला तरी समोरून, तिरका आणि बाजूने असे तीन बैल लागतात, आणि ते तिन्ही एकच बैल वाटले पाहिजेत. ते मिळत नाहीत म्हणून मग प्रसंगच बदलला जातो: बैल वळत नाही, मुलगा बाजूला उभा राहून नुसता टाळ्या वाजवतो, कारण टाळ्या वाजवणारा मुलगा संचात आहे. गोष्ट अशी चित्रांच्या मागे फरपटत जाऊ लागली की ती कोणी लिहिली हा प्रश्नच उरत नाही. हल्ली यंत्राला वाक्य सांगून चित्र काढून घेणारे मला म्हणतात की आता ही अडचण संपली. त्यांचा पहिला बैल खरोखर देखणा असतो. पुढच्या चित्रात शिंगे बदललेली असतात, आणि ती ओढून जागेवर आणायला पुन्हा चित्र काढणाराच लागतो.

आता चित्र काढायला शिकायचे म्हणजे काय शिकायचे? शाळेत चित्रकलेची लोअर आणि हायर ग्रेडची परीक्षा दिलेली मुले स्वतःला तयार समजतात आणि न दिलेली मुले हिरमुसतात. या कामापुरते दोघांचेही चुकते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन अ‍ॅनिमेटरांनी १९८१ मध्ये आपल्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांपैकी घट्ट, भरीव रेखाटनाला वाहिलेले तत्त्व एकच आहे. बाकीची हालचालीआधीची तयारी, वेग, मागून येणारी हालचाल, कमानीतून जाणारी गती, प्रसंगाची मांडणी अशा गोष्टींबद्दल आहेत. पेन्सिलीने छायाप्रकाश घोटत दोन दोन दिवस एका तांब्याचे चित्र काढण्याची इथे गरज नाही. अर्ध्या मिनिटात माणूस कागदावर उभा करता यावा, त्याच्या कण्याची रेघ कुठे वाकली आणि भार कोणत्या पायावर आहे एवढे त्यात दिसावे, आणि तोच माणूस दुसऱ्या बाजूने काढला तरी ओळखू यावा, इतके जमले तर माझ्या मते पुरे.

सरावाला आपल्याकडे जागांची कमतरता नाही. बस स्टँडवर पिशव्या उचलणारी माणसे, खडेबाजारात भाव करणाऱ्या बायका, निपाणीत सुपावर तंबाखू घेऊन बसलेल्या विडी कामगार बायकांचे हात, हे सगळे फुकट बसून पाहण्यासारखे आहे. विडी वळणाऱ्या हातांची तर मी शिफारसच करतो, कारण पान धरणे, तंबाखू पसरणे, वळणे, टोक दुमडणे आणि दोरा बांधणे ही पाच कामे इतक्या सलग होतात की ती वेगळी काढून दाखवायला चांगलाच डोळा लागतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथही पाहावेत, पण लांबून. दूरवरून आणि मागून उजेड असताना ज्या रथावरचा प्रसंग नुसत्या बाह्याकारावरून कळतो त्याच्या दिग्दर्शकाला मांडणी कळली आहे, आणि जवळ गेल्याशिवाय ज्याचा अर्थ लागत नाही तिथे तलवारी आणि हात एकमेकांत गुंतलेले असतात. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकार-शिक्षक बेळगावात होऊन गेले आणि चित्रकार रवी परांजपे इथेच जन्मले. बेळगावच्या मुलाने 'आपल्याकडे हे वातावरण नाही' म्हणावे हे मला तरी पटत नाही.

साधनांबद्दल फार लिहीत नाही. क्रिता, २०१६ पासून विनामूल्य झालेले ओपनटून्झ, आणि ब्लेंडरमधील ग्रीस पेन्सिल या चित्रे काढून हलवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी कोणतेही चालेल. मागचे आणि पुढचे चित्र फिकट दिसण्याची सोय, म्हणजे ओनियन स्किन, तिन्हींत आहे आणि शिकताना तिचाच उपयोग सर्वांत जास्त होतो.

परवान्याची गोष्ट मात्र फ्लेक्सच्या धंद्यातून आलेल्यांना मुद्दाम सांगावी लागते. चौकातला फलक चार दिवसांनी उतरतो, त्यावरचे चित्र कोणाचे होते हे कोणी विचारत नाही. यूट्यूबवर चढवलेली गोष्ट मात्र राहते, आणि ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे ठपके, आले तर अख्खे चॅनेल जाऊ शकते. गुगलवर दिसले म्हणून चित्र मोकळे होत नाही. चित्राखाली सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, परवाना लिहिलेला असतो तो पाहावा: सीसी झीरो असेल तर निर्धास्त वापरावे, सीसी बाय असेल तर श्रेय द्यावे, आणि एनसी (नॉन-कमर्शिअल) लिहिले असेल तर पैसे मिळवून देणाऱ्या कामात ते घेऊ नये. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे १९०६ मध्ये वारलेल्या राजा रविवर्म्यांची चित्रे केव्हाच खुली झाली आहेत. कालपरवाच्या कॅलेंडरवरची तशी नाहीत.

शेवटी ओठ. तयार मिळणारे तोंडांचे संच इंग्रजी उच्चार डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात, आणि मराठीला ते थोडीफार डागडुजी करून चालतात, कारण प, ब, म ला ओठ मिटणे आणि आ ला उघडणे सगळीकडे सारखेच आहे. तीच गोष्ट कन्नडमध्ये करताना पंचाईत होते. मराठीत अकारान्त शब्दाचा शेवटचा अ आपण उच्चारतच नाही, म्हणून 'बैल', 'घर', 'दूध' म्हणून झाले की तोंड लगेच विसावते. कन्नडमध्ये 'एत्तु', 'मने', 'हालु' असे शब्द स्वरावर संपतात आणि तो स्वर स्पष्ट ऐकू येतो. मराठीसाठी केलेली तोंडे तशीच ठेवली तर आवाज चालू असताना पात्राचे तोंड मिटलेले दिसते. तयार संचातला 'ऊ' लावून पाहावा तर तो शिट्टी वाजवणाऱ्यासारखा पुरता चंबू असतो, आणि बोलण्याच्या ओघातला शेवटचा 'उ' इतका गोल कधीच नसतो. त्यासाठी अर्धवट आवळलेल्या ओठांचे चित्र वेगळे काढून ते शब्दाच्या शेवटी दोन फ्रेम धरावे लागते. आमच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या अक्कांना 'एत्तु बंतु' पुन्हा पुन्हा म्हणायला लावून, समोर बसून, मी ते काढून घेतले.